मागची ओसरी

आमच्या घरमालकांनी लहानपणी आम्हाला दौलताबाद दाखवलं, लोणार दाखवलं, पैठण दाखवलं, अजिंठाही दाखवला, पण पुरतं असं एकही ठिकाण दाखवलं नाही. दौलताबादचा किल्ला आम्ही भर उन्हात धापा टाकत चढलो. वरची तोफ समोर दिसत होती, पाचपन्नास पायऱ्या उरल्या असतील, आणि मालकांनी हात वर केला. "बस. तेवढं राहू द्या." माझा धाकटा भाऊ तोफेच्या आशेवर इतका वर आला होता. त्यानं तिथंच पायरीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. मालक त्याच्याजवळ उकिडवे बसले, त्याच्या चपलेचा पट्टा नीट लावला आणि म्हणाले, "तोफ कुठी पळून जाती का? पुढच्या वर्षाला आलं की पहिल्यांदा तिलाच भेटू." भाऊ रडत रडतच किल्ला उतरला.

अजिंठ्याला शेवटचं लेणं राहिलं. लोणारला तळ्याकाठचं एक देऊळ राहिलं. राजूरच्या गणपतीचं दर्शन तेवढं ते अर्ध्यावर ठेवत नसत, देवाशी असला खेळ त्यांना चालत नव्हता. तिथं मग देवळामागचा एखादा ओटा नाहीतर विहीर बाजूला काढून ठेवायचे. निघायच्या वेळी गाडीचं दार उघडून एकदा मागं वळायचे आणि त्या किल्ल्याला, त्या तळ्याला, जे काय असेल त्याला म्हणायचे, "येतो बरं का." आपण नाही का घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत, तसंच. माणसं बघत राहायची. आम्हा पोरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परतीच्या वाटेवर बाकीची मोठी माणसं पोरांना विचारतात, काय काय पाहिलं, काय आवडलं. आमचे मालक विचारायचे, "सांगा, काय राहिलं?" आणि जे राहिलं ते आम्ही एका सुरात सांगायचं. बरोबर सांगितलं की खिशातून एकेक श्रीखंडाची गोळी निघायची. त्या गोळीसाठी आम्ही न पाहिलेल्या गोष्टी पाहिलेल्यांपेक्षा जास्त पाठ केल्या.

नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो आणि खाली मालक एकटे. सगळी गल्ली त्यांना मालकच म्हणायची. नोकरीत असताना ते मोजणीदार होते. भोकरदन, अंबड, घनसावंगी, सगळीकडची शेतं त्यांनी साखळी टाकून मोजलेली. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढायला निघाले की गावातली शहाणी माणसं म्हणत, त्यांनाच बोलवा, त्यांच्या मोजणीत बोटभर फरक निघायचा नाही. रिटायर झाले तरी मोजणी काही सुटली नाही. दारापासून किराणा दुकान किती पावलं, दुकानापासून रिक्षा थांबा किती पावलं, हे त्यांना विचारावं लागत नसे, ते आपणहून सांगत. जिना चढताना पायऱ्या मोजत आणि उतरतानाही मोजत, जणू मधल्या वेळात एखादी कुणी काढून नेली असावी. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेताचा शेवटचा कोपरा मोजल्याशिवाय न उठणारा माणूस सहलीला गेला की शेवटचा कोपरा का सोडतो, हे कोडं मला तेव्हाही पडायचं. पण लहान पोरीनं मोठ्या माणसाला असलं विचारायचं नसतं.

बाबा एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होते. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पोरांना मोकळीक आणि बाबांना फास. पेरणीच्या आधीचे दोन महिने बियाण्याच्या धंद्यात मान वर करायला सवड नसते. त्यामुळे आम्हाला कुठं न्यायचं तर मालकांनीच. त्यांच्याकडं एक पांढरी मारुती व्हॅन होती. आदल्या संध्याकाळी ते जिन्यातून हाक द्यायचे, "ताई, उद्या लोणार. पहाटंच निघायचं. पोरं जल्दी उठली पाह्यजेत, न्हाईतर ठेवून जाईन." मग आई दशम्या करायला घ्यायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची. पाण्याच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळायचं काम मालकांचं. पेट्रोलच्या पैशांचं त्यांनी बाबांना कधी बोलूसुद्धा दिलं नाही. असा माणूस किल्ल्याच्या तोंडाशी नेऊन माघारी फिरवतो, तर त्याला काय म्हणावं? चांगला म्हणावं तरी पंचाईत आणि वाईट म्हणावं तर जीभ वळत नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण या माणसाची खरी गोष्ट तिच्यापाशीच आहे.

आई कुंभार पिंपळगावची. शाळेत असताना तिच्या वर्गाची सहल वेरूळला गेली होती. कापूस वेचणीचे दिवस होते आणि आजोबांनी सांगितलं, पोरीच्या जातीला एवढं लांब कशाला, वेचायला माणूस कमी आहे. सहल गेली आणि आली. पुढं महिनाभर वर्गातल्या पोरी एकच सांगत होत्या, कैलास लेणं, कैलास लेणं. एवढं मोठं देऊळ, पण बांधलेलं नाही, एका डोंगरातून कोरून काढलेलं, तेही वरून खाली. आईच्या पुस्तकात त्याचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र होतं. ती आम्हाला भाकरी करताकरता सांगायची, "आधी शिखर कोरलं असंल बघा, मंग खाली खाली येत गेले. एक जरी घाव चुकला असता तर?" तिच्या तोंडून हे शंभरदा ऐकलं असेल. लग्न झालं, जालन्यात आली, वेरूळ दोन-अडीच तासांवर आलं, पण जाणं काही झालं नाही. कधी पोरं लहान, कधी पाहुणे, कधी बाबांचा हंगाम.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात मालकांनी जिन्यातून हाक दिली, "ताई, उद्या वेरूळ." आई त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. गाडीत ती एरवी मागं बसायची, त्या दिवशी पुढं बसली.

वेरूळ ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, फाटकातून आत शिरलं की कैलास अगदी समोर असतं. शोधावं लागत नाही. आईची पावलं आपोआप तिकडं पडायला लागली. तिनं माझं बोट सोडलं, मला अजून आठवतं. आणि मागून मालकांचा आवाज आला.

"ताई, हे राहू द्या."

आई हसली. तिला वाटलं, गंमत करून राह्यलेत. मालक गंमत करत नव्हते. ते उजवीकडं वळले आणि पहिल्या लेण्याकडं चालायला लागले. आम्ही एक ते बारा लेणी पाहिली, पुढची पाहिली, पार लांबची जैन लेणीही पाहिली. मालक खांबाखांबातलं अंतर पावलांनी मोजून सांगत होते आणि आई हो, हो म्हणत होती. उन्हं कलल्यावर परत फाटकापाशी आलो. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "मालक, आता तरी."

"पुढच्या वर्षाला, ताई. आलं की पहिल्यांदा हेच बघू."

आज कुणी विचारेल, चार पावलांवर तर होतं, बाई सरळ आत का गेली नाही? कशी जाणार? दुसऱ्याच्या गाडीत बसून आलेली, घरचा माणूस सोबत नाही, आणि ज्यानं आणलं त्यानं नको म्हटलेलं. आमच्या घरातल्या बायका असल्या वेळी गप्प बसतात. आई दरवाजाच्या जरा अलीकडं उभी राहिली, मान वाकडी करून आत पाहिलं. तिथून हत्तीची पाठ दिसली तेवढीच. मग ती येऊन गाडीत मागच्या सीटवर बसली.

"सांगा, काय राहिलं?" बदनापूरच्या अलीकडं मालकांनी विचारलं. भाऊ ओरडला, "कैलास!" त्याला गोळी मिळाली. मी गोळी घेतली नाही.

घरी आल्यावर आईनं परातीत पीठ काढलं. डबा तळाला आला होता. आईचा एक नेम होता, पिठाचा डबा खरवडून रिकामा करायचा नाही. कितीही नड असो, मूठभर पीठ तळाशी ठेवायचंच. आणि 'पीठ संपलं' असं तोंडानं म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. त्या दिवशी भाकऱ्या दोन कमी पडत होत्या. मी म्हटलं, आहे की डब्यात. तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं आणि स्वतः भात खाल्ला. एवढं मनातून मोडलेली असतानासुद्धा तिनं ती मूठ मोडली नाही.

पुढच्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहाचं पातेलं हातातून पडलं आणि पाठोपाठ ती पडली. बाबा कंपनीत गेलेले. मी खाली धावत गेले. मालकांनी आईला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवला, व्हॅनमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून वाचली. हे मला माहीत होतं. तरी माझ्या मनात एकच घोळत होतं, हिचं कैलास राहिलं. बोलताना तोंड वाकडं होणारी, स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या उचलू न शकणारी आई बघितली की मला कैलासाच्या दारात मान वाकडी करून पाहणारी आई दिसायची.

उन्हाळा आला. सुट्ट्या लागल्या. मालक एका संध्याकाळी वर आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "पोरं घरात कोंडून बसली. जांबच्या देवळाला नेऊन आणतो यांना, एक दिवसाचं तर हाय."

मी उठून उभी राहिले. आठवीतली पोर, पण तोंडाला लगाम नव्हता. "आम्हाला न्हाई यायचं तुमच्या संगं. तुम्हीच ठेवलं तिचं कैलास. दारात नेऊन ठेवलं. आता कसं बघल ती? सांगा, कसं बघल?"

आई खाटेवरून माझ्याकडं बघत नुसता हात हलवत होती, गप म्हणून. मालकांनी चौकट धरली.

"बराबर बोल्ली तू," ते म्हणाले. एवढंच. आणि खाली उतरले. जिना उतरताना त्यांचा मोजण्याचा आवाज नेहमी यायचा. त्या दिवशी आला नाही.

मला वाईट वाटलं असं सांगितलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं.

त्यानंतर सहली बंद झाल्या. व्हॅनवर ताडपत्री चढली. पण मालकांनी दुसरंच एक काम हातात घेतलं. आधी जिन्याला लाकडी कठडा बसवला, आईच्या उजव्या हाताला नेमका येईल अशा उंचीवर, मोजून. मग आई काठी धरून उभी राहायला लागली तसे रोज संध्याकाळी पाचला जिन्याखाली येऊन उभे राहायचे. "ताई, चला." गल्लीतून आईच्या डाव्या बाजूनं चालायचे, हात न लावता, पण पडली तर धरता येईल इतक्या अंतरावर. आणि मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा पावलं. अंगणाच्या भिंतीवर विटेच्या तुकड्यानं आकडा लिहायचा. महिन्याभरानं चाळीस. पावसाळ्यात निसरडं म्हणून व्हरांड्यातच येरझाऱ्या. दिवाळीला शंभर झाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारचे म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं, बाई चालती अन् हा हिशोब ठेवतो. मी नववीचा अभ्यास करत खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, आता कशाला एवढा पुळका.

दुसरा हिवाळाही असाच गेला. मध्ये एकदा मालक सकाळच्या एसटीनं कुठंतरी गेले आणि संध्याकाळी उन्हानं रापून परत आले. कुठं गेल्ता विचारलं तर म्हणाले, "जरा काम व्हतं." त्या दिवसापासून भिंतीवर त्यांनी सगळ्यात वर एक आकडा लिहून ठेवला, आठशे चाळीस. हा कशाचा, ते सांगितलं नाही. आई रोज त्या आकड्याकडं थोडी थोडी सरकत होती.

माझी दहावीची परीक्षा संपली. एप्रिल होता. आईनं गल्लीचं टोक गाठून दोनदा येणं-जाणं केलं आणि मालकांनी आकडा लिहिला, आठशे साठ. मग विटेचा तुकडा फेकून दिला, हात झटकले आणि आईला म्हणाले, "ताई, उद्या वेरूळ. गाडीतळापासून कैलासात, आत फिरून परत गाडीपर्यंत, आठशे चाळीस पावलं व्हत्यात. मी जाऊन मोजून आल्तो."

आईनं काठीवर भार टाकला आणि ती रडायला लागली. मी खिडकीत उभी होते. ज्या माणसाला मी दोन वर्षं धड उत्तर दिलं नव्हतं तो माझ्या एका वाक्यावर दोन वर्षं रोज चालत होता, हे मला तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

बाबांना रजा मिळाली नाही, भाऊ मामाकडं गेलेला. आम्ही तिघंच निघालो. गाडीत मालक गप्प होते. नेहमी रस्त्यावरचं कुठलं शेत कुणाचं आणि किती एकर, हे सांगत जाणारा माणूस, पण त्या दिवशी एक शब्द नाही. दोनदा गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायले. मला वाटलं, वय झालं.

कैलासाच्या दरवाजापाशी ते थांबले. "ताई, आज काई ठेवायचं न्हाई. कोपरा न् कोपरा बघा. एकबी सोडू नका." त्यांनी पाण्याचा कॅन स्वतःकडं ठेवला. "तुम्ही न्हाई येत?" मी विचारलं. "माझं बघून झालं," ते म्हणाले आणि बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसले, दरवाजाकडं पाठ करून.

आई आत गेली. काठी टेकत, थांबत, पुन्हा टेकत. अंगणातल्या दगडी हत्तीपाशी पोहोचली, चांगला हात वर करून त्याच्या पायावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग मान मागं टाकून शिखराकडं बघायला लागली. इतका वेळ बघत होती की माझी मान दुखायला लागली. "वरूनच सुरू केलं असंल," ती म्हणाली. तिचं तोंड अजूनही जरा वाकडं होतं, शब्द घसरायचे, पण हे वाक्य मला शंभर वर्षांनीसुद्धा ओळखू आलं असतं. आम्ही एकेक बाजू पाहिली. कैलास हलवणारा रावण पाहिला, भिंतीवरची रामायणातली चित्रं पाहिली. तिला पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून वरच्या गाभाऱ्यात मी एकटी जाऊन आले आणि खाली येऊन तिला सगळं सांगितलं. तिनं ते पाहिल्यात धरलं. आता देवळाच्या मागच्या बाजूला डोंगरातच कोरलेली लांब ओसरी तेवढी राहिली होती. खांबांची रांग आणि आत ओळीनं मूर्ती, लांबून सावलीत दिसत होत्या. आई हत्तीच्या सावलीला टेकली. "जरा पाणी आण," ती म्हणाली, "मंग तेवढी ओसरी बघू."

पाण्याचा कॅन मालकांजवळ होता. मी बाहेर गेले तर ते तसेच पाठ करून बसलेले. सदरा घामानं भिजला होता.

"कुठवर आलं?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"मागची ओसरी राहिली. तेवढी झाली की झालं सगळं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी घाबरले. विचारलं, "मालक, काय व्हतंय तुम्हाला?"

मग त्यांनी सांगितलं. मी काही एवढी मोठी नव्हते की अशी गोष्ट मला सांगावी, पण जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"नोकरीत मी बायकोला कुठीच नेलं न्हाई. उन्हाळा म्हंजी मोजणीचे दिवस, रानं मोकळी असत्यात. रिटायर झालो अन् एका उन्हाळ्यात सगळं दाखवलं. अजिंठा, वेरूळ, लोणार, दौलताबाद, पैठण. तुला माझा सोभाव ठाऊक हाय. यादी केल्ती. एक खांब सोडला न्हाई, एक पायरी सोडली न्हाई. पैठणला शेवटी धरणावर बसलो व्हतो. ती म्हन्ली, झालं हो, सगळं बघून झालं. आता माझं काई राह्यलं न्हाई. इतकी खुश व्हती." ते थांबले. "श्रावणात गेली. काई दुखणं न्हाई, खुपणं न्हाई. सकाळी छातीत दुखतंय म्हन्ली, दुपारी न्हाई. मीच तिचं सगळं संपवून टाकलं बघ."

मी कॅन हातात घेऊन उभी राहिले.

"म्हणून कुणाचंच पुरं करत न्हाई मी. काईतरी राहिलं म्हंजी माणसाला यायला लागतं. पण तुझी आई..." त्यांनी कपाळ पुसलं. "तू बोल्ली ते बराबर व्हतं. अडवलं तरी पाप, न अडवलं तरी माझ्या छातीत धडधड. जा, पाणी दे तिला. बघू दे. देवाला काळजी."

मी आत गेले. आई पाणी प्यायली आणि काठीला जोर देऊन उठली. मी तिला सांगावं का नको हे ठरवलंच नव्हतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आई ऐकत होती आणि मागच्या ओसरीकडं बघत होती. मधे अंगणाएवढंच अंतर होतं. तिच्या पावलांनी साठ-सत्तर.

"असं म्हन्ली त्यांची बायको?"

"हो."

"चल," ती म्हणाली आणि दरवाजाकडं वळली.

मी चिडले. "आई, ओसरी तिकडं हाय! शाळेपासून तुला बघायचं व्हतं ना? दोन वर्ष चालली त्यासाठी. आणि हे असलं काई नसतं. खोटंय सगळं."

"असू दे खोटं," आई म्हणाली. "त्या माणसाला आज झोप लागली पाह्यजे. आणि मूठभर ठेवावंच लागतं गं."

मला पिठाचा डबा आठवला. मी काठीच्या बाजूला गेले आणि गप चालायला लागले.

मालक आमच्या पावलांच्या आवाजानं उठून उभे राहिले. आईकडं बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. आई त्यांच्यासमोर जाऊन थांबली, दम खाल्ला आणि घसरत्या शब्दांत, पण मोठ्यानं म्हणाली, "मालक, मागची ओसरी राहिली बरं का माझी. पुढच्या वर्षाला आणा."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच तोंड पुसलं. "आणतो की," ते म्हणाले. "बिलकुल आणतो, ताई." मग डोंगराकडं वळले आणि म्हणाले, "येतो." त्या दिवशी मला लाज वाटली नाही. बदनापूरच्या अलीकडं त्यांनी विचारलं, "काय राहिलं?" मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "ओसरी." त्यांनी तिला गोळी दिली आणि तिनं ती घेतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत व्हॅन पुन्हा निघाली. भाऊ मोठा झाला, त्याला दौलताबादची तोफ मालकांनी अखेर दाखवली आणि त्याच्या बदल्यात खालचा एक मनोरा राखून ठेवला. नवे भाडेकरू आले, त्यांची पोरंही 'काय राहिलं' शिकली. वेरूळला मात्र आम्ही गेलो नाही. दर वर्षी मालक जिन्यातून विचारायचे, "ताई, यंदा ओसरी?" आणि आई वरून सांगायची, "यंदा नको, पुढच्या वर्षाला." दोघंही हे इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलायचे की तिसऱ्याला वाटावं, खरंच यंदा काही अडचण असेल.

मालक गेले ते दवाखान्यात, चारपाच दिवसांच्या दुखण्यानं. आदल्या दिवशी आई त्यांना भेटायला गेली होती. ते बोलत नव्हते, डोळे मिटून पडले होते. आई त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मालक, माझी ओसरी अजून राहिली हाय हं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. चादरीवर बोटं तेवढी हलली, एक, दोन, तीन, मोजल्यासारखी. त्यांचं स्वतःचं काय राहिलं होतं ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक काहीच नसावं, आणि हेच त्यांचं दुःख होतं.

आता मी संभाजीनगरला असते. शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना सांगते, पुराव्याशिवाय काही मानू नका. वेरूळ आता माझ्या घरापासून तासाभरावर आहे, पाहुणे आले की त्यांना मीच घेऊन जाते, त्यामुळे कैलासाचा दगड न् दगड मला ठाऊक झालाय. मागची ओसरीही. आई माझ्याकडं सुट्टीत राहायला येते. सत्तरी उलटली, काठी आहेच, पण चालते.

या मे महिन्यात माझी मुलगी हट्टाला पेटली म्हणून आम्ही तिघी गेलो. ती आता सातवीत आहे. हत्तीपाशी आई त्या वेळेसारखीच टेकली, शिखराकडं बघून तिचं ते वाक्य बोलली. मुलगी मागच्या बाजूनं पळत आली आणि तिनं आजीचा हात धरला. "आजी, चल ना, मागं केवढी मोठी ओसरी आहे! तू पाहिलीच नाहीस. इतकं जवळ तर आहे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी ठरवायचं मला होतं. सावली पडली होती, गर्दी नव्हती, वाट सपाट होती, आईचे पायही त्या दिवशी चांगले चालत होते. शाळेपासून जे तिला बघायचं होतं त्यातलं एवढंच राहिलेलं, आणि एवढ्या वयाच्या बाईला पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा? नेलं असतं तर काही झालं नसतं, हे मी कुठल्याही वर्गात फळ्यावर लिहून दाखवीन.

"राहू दे गं," मी मुलीला म्हटलं. "पुढच्या वर्षी दाखवू."

आई हसली. तिनं काठी उचलली आणि दरवाजाकडं निघाली. फाटकातून बाहेर पडताना ती थांबली, मागं वळली आणि डोंगराला म्हणाली, "येते बरं का."